जेट इंधनातलं ॲडिटिव्ह आणि ज्वलन: टेस्ट बेडवर नव्याने येणाऱ्यांसाठी

आधुनिक टर्बोफॅन, म्हणजे प्रवासी विमानांचं जेट इंजिन, टेक-ऑफच्या ताकदीवर चालत असतं तेव्हा त्याची ज्वलन कार्यक्षमता ९९.९ टक्क्यांच्या वर असते. किलोभर इंधनातली एका ग्रॅमइतकीही उष्णता वाया जात नाही. त्यामुळे 'हे द्रव्य इंधनात टाका, ज्वलन सुधारतं, पाच टक्के इंधन वाचतं' असा दावा कानावर आला की आधी हिशेब मांडायचा. सुधारायला जागाच ०.१ टक्का आहे, तर पाच टक्के येणार कुठून?

तरीही अशा द्रव्याची, म्हणजे ॲडिटिव्हची, चाचणी करण्यात अर्थ आहे, कारण इंजिन सगळा वेळ टेक-ऑफवर नसतं. धावपट्टीकडे हळूहळू जाताना ते आयडलवर, म्हणजे अगदी कमी ताकदीवर, असतं. तेव्हा कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान दोन्ही कमी असतं, फवारा जाड पडतो आणि इंधनाचा काही भाग अर्धवट जळून बाहेर जातो. थंडीत सुरू होताना किंवा उंचावर विझलेलं इंजिन परत पेटवताना ज्वलन असंच अडखळतं. शिवाय खूप तास चाललेल्या इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलच्या तोंडाशी कार्बन साचतो आणि फवारा वाकडा होतो. ॲडिटिव्हचा परिणाम शोधायचा तो या ठिकाणी.

हा लेख मुख्यतः इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमच्या प्रयोगशाळेत छोटं टर्बोजेट इंजिन किंवा एकाच कम्बस्टरची (ज्वलनकक्षाची) रिग, म्हणजे चाचणीची मांडणी, आहे आणि हातात ॲडिटिव्हची बाटली आहे, असं मी धरून चाललो आहे. मोठ्या टेस्ट सेलमध्येही क्रम हाच असतो, उपकरणं तेवढी महाग असतात. मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. किती जळलं ते मोजू नका, किती जळायचं राहिलं ते मोजा. बाकी सगळ्या पायऱ्या या एका वाक्याभोवती फिरतात.

पायरी १: ॲडिटिव्ह कशासाठी आहे ते ठरवा

जेट इंधनात घातली जाणारी बहुतेक द्रव्यं ज्वलन सुधारण्यासाठी नसतातच. स्थिर विद्युत साचू नये म्हणून वाहकता वाढवणारं द्रव्य असतं. साठवणीत इंधनात डिंक धरू नये म्हणून अँटिऑक्सिडंट असतो. तांब्यासारख्या धातूंचा उपद्रव थांबवणारं, पंपाला वंगण देणारं, टाकीतल्या पाण्याचा बर्फ होऊ न देणारं आणि बुरशी मारणारं, अशीही द्रव्यं असतात. यांच्या बाबतीत तुमचा प्रश्न 'ज्वलन बिघडलं तर नाही ना?' असा असेल.

दुसरा गट इंधनाची उष्णता सोसण्याची ताकद वाढवणाऱ्या द्रव्यांचा. अमेरिकन हवाई दलाने १९९० च्या दशकात आणलेलं 'प्लस १००' हे यातलं सगळ्यांत माहितीचं. त्याचा डोस लिटरला २५६ मिलिग्रॅम. नोझल आणि पाइपमध्ये कार्बन कमी साचावा हा त्याचा हेतू. पण असं द्रव्य इंधनातून पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचं काम बिघडवतं, म्हणून ते कुठे आणि कधी मिसळायचं याची वेगळी शिस्त पाळावी लागते.

तिसरा गट थेट ज्वाळेत काम करणाऱ्यांचा. मँगनीजचं एमएमटी आणि लोखंडाचं फेरोसीन ही जुनी नावं. दोन्ही धूर कमी करतात, त्यात शंका नाही. फेरोसीन तर अमेरिकन नौदलाच्या इंजिन टेस्ट सेलमध्ये धुराच्या नियमांसाठी वापरलं गेलं. पण धातू जळून नाहीसा होत नाही. त्याचा ऑक्साइड टर्बाइनच्या पात्यांवर बसतो. हल्ली कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ॲल्युमिनियम किंवा सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण फार दिसतात. तोच प्रश्न तिथेही आहे, आणि ते कण टाकीच्या तळाशी बसतात, फिल्टरमध्ये अडकतात हा वेगळा त्रास. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या चाचणीसाठी नॅनोकण घेऊ नयेत. इंजिनपर्यंत नेमकं किती पोहोचलं हेच शेवटी सांगता येत नाही.

गट ठरला की प्रश्न एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'लिटरला अमुक मिलिग्रॅम डोसवर, आयडलला, न जळलेल्या कार्बनमध्ये किमान दहा टक्के घट होते का?' किती घट धरायची हे चाचणीआधी लिहून ठेवायचं असतं, आकडे पाहून नव्हे.

पायरी २: बेस इंधन पक्कं करा

बेस म्हणजे तुमचं ॲडिटिव्ह न घातलेलं, तुलनेसाठीचं इंधन. जेट इंधन रॉकेलच्याच जातीचं असतं, तरी रेशनचं निळं रॉकेल वापरू नका. त्यात रंग असतो, आणि गंधक व ॲरोमॅटिक्सचं (काजळी धरणाऱ्या हायड्रोकार्बनचं) प्रमाण दर खेपेला वेगळं असू शकतं. दुकानातलं पांढरं रॉकेलही जेट इंधनाच्या मानकाची हमी देत नाही. तेल कंपनीकडून एटीएफ, म्हणजे विमानाचं टर्बाइन इंधन, घ्या, बॅच सर्टिफिकेटसह, आणि संपूर्ण चाचणीला पुरेल एवढं एकाच बॅचचं घ्या.

सर्टिफिकेट नीट वाचा. जेट ए-१ साठी १५ अंशांना घनता ७७५ ते ८४० किलो प्रति घनमीटर, फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश, गोठणबिंदू उणे ४७ अंश किंवा त्याखाली, ॲरोमॅटिक्स जास्तीत जास्त २५ टक्के आणि उष्मांक किलोला किमान ४२.८ मेगाज्यूल अशा मर्यादा असतात. या मर्यादा केवढ्या ऐसपैस आहेत ते पाहा. दोन बॅच दोन्ही मानकात बसतील आणि तरी ज्वलनात वेगळ्या वागतील. बेस एका बॅचचं आणि ॲडिटिव्हचं मिश्रण दुसऱ्या बॅचमध्ये, असं केलंत तर तुम्ही दोन बॅचची तुलना केली, ॲडिटिव्हची नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. तुमचं 'कोरं' बेस इंधन कोरं नसतं. त्यात बहुधा वाहकता वाढवणारं द्रव्य आणि अँटिऑक्सिडंट आधीच असतात. सर्टिफिकेटवर त्यांची नोंद असते, ती अहवालात उतरवा.

धुराचा बिंदू या कसोटीकडे विशेष लक्ष द्या, कारण ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. प्रमाणित वातीच्या दिव्यात इंधन जाळतात, वात हळूहळू वर करतात आणि काजळी न धरता ज्योत किती उंच जाते ते मिलिमीटरमध्ये मोजतात. घरच्या कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, तोच प्रकार. मानकात हा आकडा किमान २५ असावा लागतो. नॅफ्थलीन ३ टक्क्यांच्या आत असेल तर १८ पर्यंत चालतो. बेस आणि मिश्रण दोन्हींची ही कसोटी इंजिन सुरू करण्याआधी करून घ्या. खर्च फारसा नाही आणि काजळीबाबत पहिला अंदाज इथेच येतो.

पायरी ३: डोस तोला

ही पायरी छोटी वाटते, पण इथली चूक माणसांच्या जिवावर येते. २६ फेब्रुवारी २०२० ला गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए-३२१ च्या दोन्ही इंजिनांनी उड्डाणानंतर लगेच त्रास द्यायला सुरुवात केली. विमान सुखरूप परत उतरलं. देखभालीच्या वेळी टाकीत बुरशीनाशक घालताना पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग याचा) हिशेब चुकला होता आणि शिफारशीच्या सुमारे ३८ पट डोस पडला होता, असं ब्रिटिश तपासात निघालं. ते कॅथॉन नावाचं बुरशीनाशक त्याच वर्षी विमान वापरातून मागे घेण्यात आलं. त्याची शिफारस होती आकारमानाने १०० पीपीएम, म्हणजे हजार लिटर इंधनाला १०० मिलिलिटर. असा व्यवहारातला आकडा प्रत्येक डोससाठी लिहून काढा आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. पीपीएम वजनाने की आकारमानाने, हेही लिहा.

समजा डोस लिटरला २५६ मिलिग्रॅम आहे आणि तुम्हाला २० लिटर मिश्रण हवं आहे. म्हणजे ५.१२ ग्रॅम. एवढं थेट पिंपात ओतू नका. आधी लिटरभर बेस इंधनात ते विरघळवून घ्या, मग ते द्रावण उरलेल्या १९ लिटरमध्ये मिसळून भरपूर ढवळा. वजन चांगल्या तराजूवर करा, मापाने नाही. चिकट द्रव मापाच्या कडेला चिकटून राहतो.

याच आकड्यातून आणखी एक गोष्ट कळते. लिटरभर इंधनाचं वजन ८०० ग्रॅम धरलं तर २५६ मिलिग्रॅम म्हणजे ०.०३२ टक्के. ॲडिटिव्ह स्वतः जळून जी उष्णता देईल ती मोजण्याच्या पलीकडची आहे. पण कोणी एक टक्का किंवा जास्त डोस सांगत असेल, तर त्या द्रव्याचा आणि ते ज्यात विरघळवलं आहे त्या सॉल्व्हंटचा उष्मांक वेगळा मोजावाच लागेल.

प्रत्येक मिश्रणाचा लिटरभर नमुना गडद काचेच्या बाटलीत तारीख आणि बॅच लिहून बाजूला ठेवा. हातमोजे घाला. एमएमटी कातडीतूनही शरीरात जातं आणि विषारी आहे.

पायरी ४: फवारा आधी पाहा

इंधनाचे थेंब किती बारीक होतात यावर ज्वलन अवलंबून असतं, आणि ॲडिटिव्ह हे थेंब बदलू शकतं. याचा सगळ्यांत मोठा धडा १ डिसेंबर १९८४ चा. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर नासा आणि एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातं) यांनी दूरनियंत्रित बोइंग ७२० मुद्दाम आपटवलं. त्याच्या इंधनात एफएम-९ नावाचं पॉलिमर होतं. अपघातात इंधनाचं धुकं होऊ नये, म्हणजे आग भडकणार नाही, अशी कल्पना. पण इंजिनाला तर तेच धुकं हवं असतं! म्हणून इंजिनांवर ते पॉलिमर तोडणारं वेगळं यंत्र बसवावं लागलं होतं. प्रत्यक्ष आपटल्यावर आग लागायची ती लागलीच. ज्वलनाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचं ते एवढंच की थेंबांशी खेळणारं द्रव्य इंजिनाच्या पोटापर्यंत पोहोचतं.

बेस आणि मिश्रण दोन्हींची घनता, श्यानता (द्रवाचा घट्टपणा) आणि शक्य असेल तर पृष्ठताण मोजा. नोझल बाहेर काढून, पारदर्शक डब्यात, ठरावीक दाबावर फवारा सोडा. कोन मोजा, फोटो काढा, मिनिटाला किती ग्रॅम पडलं ते तोला. इथेच फरक दिसला तर पुढे ज्वलनात दिसणारा फरक रसायनाचा की फवाऱ्याचा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं.

पायरी ५: छोट्या टर्बोजेटची खोड ओळखा

शंभर न्यूटन थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) आसपासची जी छोटी टर्बोजेट इंजिनं प्रयोगशाळांत दिसतात, त्यांतल्या बऱ्याच इंजिनांत बेअरिंगच्या वंगणासाठी इंधनातच टर्बाइन ऑइल मिसळतात, साधारण पाच टक्के. त्या तेलमिश्रित इंधनाचा एक भाग कम्बस्टरमध्ये जातच नाही. तो बेअरिंगमधून फिरून तसाच पुढे टर्बाइनच्या बाजूने बाहेर पडतो. धुराड्यात मोजलेल्या न जळलेल्या हायड्रोकार्बनमध्ये हा भाग मिसळलेला असतो आणि ज्वलनाशी त्याचा काही संबंध नसतो.

म्हणून तेल एकाच डब्यातलं वापरा, बेस आणि मिश्रणात तंतोतंत सारखं घाला, आणि हायड्रोकार्बनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडच्या, म्हणजे अर्धवट जळलेल्या कार्बनच्या, आकड्यावर जास्त भिस्त ठेवा. एकाच कम्बस्टरची रिग मिळत असेल तर मी छोट्या टर्बोजेटऐवजी तीच निवडेन. हवा, दाब, तापमान आणि इंधन तिथे वेगवेगळं हातात असतं.

टर्बोजेटच चालवणार असाल तर टर्बाइनच्या चकतीच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. ही चाकं मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतात. चाक फुटलं तर तुकडे त्याच पातळीत उडतात. कानांना संरक्षण, आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि इंधन तोडणारा झडप-स्विच हाताशी, यात तडजोड नाही.

पायरी ६: बेस विरुद्ध बेस

बहुतेक प्रोजेक्टमध्ये ही पायरी नसते, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. ॲडिटिव्हला हातही न लावता बेस इंधनावर संपूर्ण चाचणी करा. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, आणि त्याच इंधनावर तीच चाचणी परत करा. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करा. दोन बेसमध्ये जो फरक निघेल तो तुमच्या मांडणीचा गोंगाट. त्याहून लहान कोणताही परिणाम तुम्हाला दिसू शकत नाही.

हा गोंगाट कुठून येतो? पहिलं कारण इंधनाचं तापमान. रॉकेलची घनता अंशाला सुमारे ०.७ किलो प्रति घनमीटर इतकी घटते. दहा अंशांत जवळपास ०.९ टक्का. प्रवाह लिटरमध्ये मोजून तापमान नोंदवलं नाही, तर सावलीतल्या आणि उन्हातल्या पिंपामुळे एक टक्का 'बचत' फुकट दिसते. उपाय साधा आहे. टाकी तराजूवर ठेवा आणि इंधन ग्रॅममध्ये मोजा.

दुसरं कारण हवा. आयडलला आत येणारी हवा जितकी गरम, तितका मोनॉक्साइड कमी. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी सातला बेस आणि दुपारी दोनला ॲडिटिव्ह चालवलंत, तर काहीही न घालता 'सुधारणा' दिसेल. आर्द्रतेचंही तसंच. उत्सर्जनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत संदर्भ आर्द्रता किलोभर कोरड्या हवेला ६.३४ ग्रॅम पाण्याची धरली आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा हाच आकडा २१ ग्रॅमच्या वर जातो, तिपटीहून जास्त. नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे त्याने सरळ खाली येतात.

तिसरं कारण दाब. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. तिथला प्रमाण दाब ९५ किलोपास्कलच्या जवळ, म्हणजे मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी. थ्रस्ट, चाकाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या आणि इंधनप्रवाह हे सगळे प्रमाण वातावरणाला दुरुस्त करूनच लिहायचे. थ्रस्टला दाबाच्या गुणोत्तराने (मोजलेला दाब भागिले प्रमाण दाब) भागायचं. फेऱ्यांना तापमानाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, आणि इंधनप्रवाहाला दोन्हींनी.

पायरी ७: धूर खेचा आणि कार्बनचा ताळेबंद मांडा

धुराच्या नळीत एकाच ठिकाणी टोक खुपसून नमुना घेऊ नका. धार सगळीकडे सारखी नसते. अनेक छिद्रांची दांडी वापरा. वायू नेणारी नळी १६० अंशांच्या आसपास तापलेली ठेवा, नाहीतर जड हायड्रोकार्बन नळीतच थिजतात आणि ज्वलन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडसाठी इन्फ्रारेड विश्लेषक आणि हायड्रोकार्बनसाठी ज्वाला-आयनीकरण शोधक, ही रूढ जोडी आहे. प्रत्येक संचाआधी आणि नंतर शून्य वायू (मोजायचा घटक नसलेला) आणि प्रमाण वायू (घटकाचं प्रमाण ठाऊक असलेला) देऊन विश्लेषकाचे आकडे सरकले का ते पाहा.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आयडलला डायऑक्साइड १.६४२ टक्के आला. बाहेरच्या हवेतच तो ०.०४२ टक्के आहे. तो वजा करा, उरला १.६ टक्के, म्हणजे १६,००० पीपीएम. मोनॉक्साइड १६० पीपीएम. हायड्रोकार्बन, कार्बनच्या हिशेबात, ४० पीपीएम. काही विश्लेषक वायू वाळवून मोजतात आणि काही ओलाच मोजतात. सगळे आकडे एकाच पायावर आणलेले आहेत असं धरू. एकूण कार्बन झाला १६,२००.

जेट इंधनात एका कार्बन अणूमागे साधारण १.९ हायड्रोजन अणू असतात. त्या एककाचं वजन १३.९३. मोनॉक्साइडचं २८.०१. भागाकार करून हजाराने गुणलं की २०११ मिळतं. म्हणून:

मोनॉक्साइड, दर किलो इंधनामागे = २०११ × १६० ÷ १६,२०० = १९.९ ग्रॅम

हायड्रोकार्बन, दर किलो इंधनामागे = १००० × ४० ÷ १६,२०० = २.५ ग्रॅम

ग्रॅमभर मोनॉक्साइडमध्ये १०.१ किलोज्यूल उष्णता अडकलेली असते, हायड्रोकार्बनमध्ये इंधनाइतकीच, सुमारे ४३. गुणाकार केला की वाया गेलेली उष्णता येते २०१ अधिक १०६, म्हणजे ३०७ किलोज्यूल. किलोभर इंधनात ४३,१०० किलोज्यूल असतात. तोटा ०.७१ टक्का. ज्वलन कार्यक्षमता ९९.२९ टक्के.

समजा ॲडिटिव्हने मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही दहा टक्क्यांनी घटवले. कार्यक्षमता झाली ९९.३६. इंधनात बचत ०.०७ टक्का. कोणताही इंधनमापक ती दाखवणार नाही. पण विश्लेषकावर १६० चे १४४ झालेले असतील, आणि ते चांगल्या उपकरणावर स्वच्छ दिसतं. बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान मोजून कार्यक्षमता काढण्याचा मोह होतो. तो टाळा. ५०० अंशांच्या वाढीत थर्मोकपल ५ अंशांनी चुकलं तरी एक टक्का गेला, आणि तुम्ही शोधताय तो सगळा तोटाच ०.७१ आहे.

नमुना खरा आहे का, हे तपासायची सोयही याच ताळेबंदात आहे. वरच्या आकड्यांवरून इंधनाच्या सुमारे १२७ पट हवा निघते. प्रत्यक्ष मोजलेल्या हवेच्या आणि इंधनाच्या प्रवाहातून तेच गुणोत्तर काढा. प्रमाणीकरणाच्या नियमांत आयडलला १५ टक्के आणि बाकी ठिकाणी १० टक्क्यांच्या आत मेळ लागावा लागतो. लागला नाही तर गळती शोधा किंवा दांडीची जागा बदला. टर्बोफॅन असेल तर बायपासची, म्हणजे ज्वलनकक्षाला वळसा घालून जाणारी, हवा नमुन्यात शिरलेली नाही ना, हे आधी पाहा.

पायरी ८: क्रम

बेस, ॲडिटिव्ह, ॲडिटिव्ह, बेस. या क्रमाने हळूहळू सरकणारं हवामान आणि विश्लेषक दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. इंजिन चालवणाऱ्याला कोणत्या पिंपात काय आहे ते सांगू नका. पिंपांवर नुसती अक्षरं टाका. इंधन बदलताना पाइप आणि फिल्टर नव्या इंधनाने भरपूर धुवा.

चार बिंदू घ्यायचे: ७, ३०, ८५ आणि १०० टक्के थ्रस्ट. विमानतळाभोवतीच्या उत्सर्जनासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत हेच बिंदू आहेत. छोट्या इंजिनाचं आयडल ७ टक्क्यांना बसत नसेल तर जे बसतं ते घ्या आणि तसं लिहा. प्रत्येक बिंदूवर आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचं.

या क्रमाला एक मोठा अपवाद आहे. साफसफाई करणारं किंवा धातूचं ॲडिटिव्ह असेल तर शेवटचा बेस पहिल्या बेससारखा येणार नाही. नोझल साफ झालेलं असेल किंवा भिंतींवर ऑक्साइड बसलेला असेल. तो फरक गोंगाट समजून पुसून टाकू नका, तोच निष्कर्ष असू शकतो. अशा द्रव्यांसाठी दोन एकसारखी नवी नोझलं घ्या, एक बेसवर आणि एक मिश्रणावर दीर्घकाळ चालवा आणि दर टप्प्यावर पायरी ४ चा फवारा परत तपासा. तापलेल्या नळीवर इंधन काय थर सोडतं याची प्रमाणित कसोटी २६० अंशांवर अडीच तास चालते. ती बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेता आली तर उत्तम.

पायरी ९: ज्वाळा विझेपर्यंत

रिग असेल तर हवा स्थिर ठेवून इंधन हळूहळू कमी करत जा आणि ज्वाळा कोणत्या गुणोत्तराला विझते ते टिपा. एकदा विझवून भागत नाही, आकडे विखुरतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जेट इंधन ज्वलन कार्यक्रमात बरीच वेगवेगळी इंधनं अशी विझवून पाहिली गेली. त्यात विझण्याच्या मर्यादेचा संबंध इंधनाच्या सिटेन क्रमांकाशी ठळकपणे दिसला, म्हणजे इंधन स्वतःहून किती लवकर पेटतं याच्याशी. तुमचं ॲडिटिव्ह सिटेन बदलणारं असेल तर ही कसोटी सोडू नका. परिणाम आयडलच्या आकड्यांत दिसला नाही तरी इथे दिसू शकतो.

पायरी १०: अहवाल, आणि पुढचा रस्ता

अहवालात बॅच सर्टिफिकेट, डोसचा हिशेब, हवेचं तापमान-दाब-आर्द्रता, विश्लेषकाच्या तपासण्या, बेस विरुद्ध बेसचा गोंगाट आणि मगच ॲडिटिव्हचा परिणाम, असा क्रम ठेवा. सरासरीबरोबर सगळ्या फेऱ्यांचे सुटे आकडे द्या. 'परिणाम आढळला नाही' एवढं लिहून थांबू नका. 'आमच्या मांडणीत चार टक्क्यांपेक्षा लहान बदल दिसू शकत नाही, तेवढा मोठा बदल आढळला नाही' असं लिहा. पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होतो.

तुमचा निकाल कितीही चांगला आला तरी ते मिश्रण कोणत्याही विमानात घालायचं नाही. विमानात तेच ॲडिटिव्ह जातं जे इंधनाच्या मानकात आणि त्या इंजिनाच्या कागदपत्रांत नमूद आहे. नव्या इंधनासाठी आणि ॲडिटिव्हसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डी-४०५४ ही पद्धत आहे, चार टप्प्यांची. आधी मानकातले गुणधर्म, मग वापरायोग्यतेचे गुणधर्म, मग सुटे भाग आणि रिग, आणि शेवटी पूर्ण इंजिन. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल यांच्या सहकार्यातून तयार झालेलं शाश्वत इंधन मिसळलेलं होतं, एक टक्क्यापर्यंत. असं इंधन प्रवाशांच्या विमानात जातं ते अशा तपासणीतून मान्य झालेल्या मार्गाने तयार झालेलं असतं म्हणून.

कॉलेजच्या रिगवर केलेलं काम या पद्धतीच्या तिसऱ्या टप्प्याची लहान आवृत्ती म्हणता येईल. त्या पद्धतीत ॲडिटिव्हची तपासणी मागितलेल्या कमाल डोसच्या चौपट प्रमाणावरही होते, कारण मिसळताना माणसाकडून चूक होणार हे गृहीत धरलेलं असतं. तुमच्याकडे इंधन आणि वेळ उरला असेल तर पुढची फेरी चौपट डोसची घ्या, आणि इंजिनाआधी फिल्टर, सील आणि फवारा तपासून घ्या.